सुटकेनंतरची कथा
(ज्युबिली-सप्ताहांत झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं ‘अपहरणाच्या ख्रिस्ती कथा’ या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. विषय उत्सवास विशोभित वाटेल. परंतु तसें नाहीं. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीची जी मूळ आज्ञा आहे, तींत पन्नासाव्या वर्षीं देशभर मुक्ततेचा पुकारा करावा व प्रत्येकानें आपल्या कुळाकडे परत जावें, असें सांगितलें आहे. ज्युबिली हा मुळांतच परत येणाऱ्यांचा सण होय.

पळवून नेलेल्या माणसाची गोष्ट आबालवृद्धांस आवडते. पोलंडचे कॅथॉलिक कादंबरीकार हेन्रिक शेन्क्येविच यांना १९०५ सालीं साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. मिसर देशांतून सुदानांत पळवून नेलेल्या दोन मुलांची एक कादंबरी त्यांनीं पुढें लिहिली. तींतील मुलगी अवघी आठ वर्षांची आहे. मुलें सुटतात कीं नाहीं, या चिंतेनें वाचक पानामागून पान उलटतो. तीं सुटलीं, कीं गोष्ट लौकरच आटोपते. कादंबरीचा धर्मच तो आहे. परंतु त्याच सुदानांत, सुमारें त्याच वयाची एक खरीखुरी मुलगी पळविली गेली होती. आणि तिची कथा पाहिली म्हणजे कळतें, कीं खरा कठीण भाग सुटकेनंतरच सुरू होतो.

ही मुलगी म्हणजे संत जोसेफिन बाखिता. तिचा जन्म १८६९ च्या सुमारास दारफूर प्रांतांत झाला. १८७७ च्या सुमारास गांवाबाहेर दोन परक्यांनीं तिला गांठलें, सुऱ्याचा धाक घातला आणि पळवून नेलें. भयानें ती आपलें नांवहि विसरली. ‘बाखिता’, म्हणजे भाग्यवती, हें नांव तिला पळविणाऱ्यांनींच दिलें. एकदां एका सोबतिणीसह ती निसटली. दोघी मुली रानोमाळ धांवल्या. पण वाटेंत एका मनुष्यानें आसरा देण्याच्या मिषानें त्यांना घरीं नेलें, मेंढरांच्या वाड्यांत कोंडलें आणि पुन्हां विकलें. पुढें एका तुर्की सेनापतीच्या घरीं तिच्या अंगावर वस्तऱ्यानें नक्षी कापून जखमांत मीठ चोळण्यांत आलें. त्या ११४ जखमांचे व्रण तिच्या देहावर जन्मभर राहिले.

१८८३ सालीं खार्टूम येथें इटालीचे कॉन्सल कालिस्तो लेन्यानी यांनीं तिला विकत घेतलें. त्यांच्या घरीं चाबूक नव्हता. १८८५ सालीं ते स्वदेशीं निघाले, तेव्हां तिच्या आग्रहावरून तिलाहि घेऊन गेले, आणि तेथें तिला मिकिएली नांवाच्या कुटुंबाकडे सोपविलें. कादंबरीकारानें बहुधा येथेंच लेखणी खालीं ठेविली असती. परंतु बंधुजनहो, बाखिता अजून मोकळी झालेली नव्हती. अन्न होतें, वस्त्र होतें, मारहाण नव्हती. पण ‘तुला काय हवें?’ हा प्रश्न तिला कोणीं विचारिला नव्हता.

त्या घरची चिमुरडी मिम्मिना तिच्या अंगाखांद्यावर वाढली. १८८८ सालीं मालकीण सुदानास जाण्यास निघाली, तेव्हां तिनें दोघींना व्हेनिस येथें कनोसा संघाच्या भगिनींकडे उपदेशार्थींच्या आश्रमांत ठेविलें. माहीम येथील कनोसा शाळा ज्या संघाच्या भगिनी चालवितात, तोच हा संघ. तेथें बाखितेला कळलें, कीं ज्यानें सूर्य, चंद्र व तारे निर्मिले, आणि ज्याची ओढ तिला बालपणापासून वाटे, तो धनी तिच्यावर प्रेम करितो, आणि त्यानें स्वतः फटके सोसले आहेत.

मालकीण परत आली व ‘चल’ म्हणाली. बाखितेनें ‘नाहीं’ म्हटलें. माझ्या मतें या कथेंतील सर्वांत रोमांचकारी क्षण हाच. येथें ना सिंह आहे, ना तलवार. एक वीस वर्षांची मुलगी आयुष्यांत प्रथमच धन्याला नकार देत आहे, आणि तोहि लाडक्या मिम्मिनेचा वियोग पत्करून. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. २९ नोव्हेंबर १८८९ रोजीं निर्णय झाला, कीं इटालीच्या कायद्यास गुलामगिरी मान्य नाहीं; बाखिता स्वतंत्र आहे. ९ जानेवारी १८९० रोजीं तिचा स्नानसंस्कार झाला. १८९६ सालीं तिनें त्याच संघांत व्रतें घेतलीं.

पुढें काय? पुढें स्कियो गांवच्या मठांत स्वयंपाक, भरतकाम, देवघराची व्यवस्था आणि दाराची राखण. यांत रहस्य कांहीं नाहीं, आणि मोडलेलें आयुष्य अशाच कामांनीं पुन्हां उभें राहतें. रोज तीच घंटा, तेंच दार, आणि आपल्याला आपल्या नांवानें हांक मारणारीं माणसें. तरीहि सर्वच भरून आलें नाहीं. आईबाप तिला पुन्हां दिसले नाहींत. १९४७ च्या फेब्रुवारींत, मरणापूर्वीं भ्रमांत असतां, साखळ्या जड झाल्या आहेत, त्या सैल करा, अशी विनवणी ती शुश्रूषा करणाऱ्या भगिनीला करीत होती. साठ वर्षांपूर्वींच्या साखळ्या! पळविणारे भेटले तर गुडघे टेकून त्यांचे हात चुंबीन, असेंहि तीच म्हणे. ही क्षमा फार थोर आहे. पण ती तिनें आपण होऊन दिली. दुसऱ्या कोणा दुखावलेल्या जीवाकडून ती वसूल करण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

बंधुभगिनींनो, माणसें पळविण्याचा धंदा अद्याप बंद पडलेला नाहीं. नोकरीच्या किंवा लग्नाच्या आमिषानें आजहि मुली नेल्या जातात. म्हणूनच बाखितेचा स्मृतिदिन, ८ फेब्रुवारी, हा २०१५ पासून या पापी व्यापाराविरुद्ध प्रार्थनेचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. प्रार्थना तर करावीच. पण अशी एखादी मुलगी उद्यां आपल्या आळींत परत आली, तर आपण काय करूं? ‘तुझ्यावर काय काय गुदरलें?’ असें खोदून विचारूं? तिच्या लग्नाची चर्चा विहिरीवर करूं? कीं तिला काम, सोबत आणि ‘नाहीं’ म्हणण्याचा हक्क देऊं? बाखितेला न्यायालयानें एका दिवसांत मुक्त केलें. तिला पुन्हां माणूस म्हणून जगतां यावें यासाठीं एका घरानें पन्नासांहून अधिक वर्षें आपलें दार उघडें ठेविलें.

ती संतपदास चढली ती १ ऑक्टोबर २००० रोजीं, महाज्युबिलीच्या वर्षीं. आपल्या देवळाची ज्युबिली साजरी करितांना तोरणें व रोषणाई अवश्य असावी. पण परत येणाऱ्यासाठीं आपल्या प्रत्येक घराचें दार उघडें असलें, तरच लेवीय ग्रंथांतील ती आज्ञा आपण पाळिली असें होईल. संत जोसेफिन बाखिता आपणां सर्वांसाठीं विनंती करो, आणि दयाघन प्रभु आपणांस तशी बुद्धि देवो.