अंगावरील साहाय्यक आणि कचेरीचे कामकाज



सयाजीराव गायकवाड १८७५ साली बडोद्याच्या गादीवर आले, तेव्हा त्यांचे वय अवघे बारा वर्षांचे होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावाहून आलेल्या या मुलाचे शिक्षण खऱ्या अर्थाने तेथून पुढे सुरू झाले. संस्थानची बहुसंख्य प्रजा गुजराती बोलणारी, दरबारी मंडळींत मराठी भाषकांचा भरणा, आणि ब्रिटिश सरकारशी व्यवहार इंग्रजीत, अशी तेथील परिस्थिती होती. १८८१ मध्ये राज्याधिकार हाती आल्यावर वाचावयाचे कागद व ग्रंथ इतके झाले की, एकट्याने ते पाहणे अशक्यच होते. यास्तव महाराजांनी साहाय्यासाठी माणसे नेमली. १८८९ मध्ये सेवेत आलेले गोविंद सखाराम सरदेसाई हे त्यांचे ‘रीडर’ झाले. ग्रंथ वाचून दाखवावेत, त्यांतील सार काढावे, टिपणे तयार ठेवावीत, हे त्यांचे काम. राजपुत्रांना शिकविण्याच्या निमित्ताने त्यांनी इतिहासाची जी टिपणे केली, त्यांतूनच पुढे ‘मराठी रियासत’ उभी राहिली.

वाचून दाखविणारा, सार सांगणारा व आठवण देणारा असा साहाय्यक बाळगणे हे त्या काळी राजालाच परवडणारे होते. आज तशा स्वरूपाचे काही काम चष्मा, मनगटी घड्याळ, कानात घालावयाचे यंत्र किंवा छातीवर लावावयाचा बिल्ला यांत बसविलेली कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. यंत्रातील सूक्ष्म ध्वनिग्राहक बोलणे टिपतो. बहुधा मोबाइल फोनच्या मार्गाने ते दूरच्या संगणकाकडे जाते. तेथे त्याचे अक्षरांत रूपांतर होऊन सारांश किंवा उत्तर परत येते. चष्म्यात छोटा कॅमेरा असल्यास समोरचा कागदही त्याला दिसतो.

याचा खरा उपयोग ज्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले असतात त्याला होतो. नेदरलँड्समधील बर्गेन ऑप झूम येथील एका गोदामात डीएचएल कंपनीने असा प्रयोग केला. कोणत्या मांडणीतून कोणता माल किती घ्यावयाचा, हे कामगारांना चष्म्यातच दिसत असे. तीन आठवड्यांच्या त्या प्रयोगात कामाचा उरक २५ टक्क्यांनी वाढल्याचे कंपनीने जाहीर केले. त्या चष्म्यांत आजच्या अर्थाची कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हती. लाभ झाला तो हातातला कागद सुटल्यामुळे. विजेच्या खांबावर चढलेला तंत्रज्ञ किंवा रुग्णाची मलमपट्टी करणारी परिचारिका यांना हेच लागू पडेल. ज्याच्यासमोर मेज, कागद आणि दूरध्वनी आहेत, अशा लिपिकाला मात्र छातीवर बिल्ला लावल्याने फारसे काही मिळेल असे दिसत नाही.

कचेरीत खरी अडचण येते ती शब्दांची. सातबाऱ्यावरील ‘आकार’ म्हणजे जमिनीवर बसविलेला सारा. बोलीत मात्र आकार म्हणजे वस्तूची घडण. ‘फेरफार’ हा शब्द व्यवहारात साध्या बदलासाठी, क्वचित लबाडीसाठीही वापरला जातो; महसुली दप्तरात तो हक्काच्या नोंदीचा आहे. ‘पोटखराबा’ तर शहरातल्या माणसालाही समजावून सांगावा लागतो. हे अर्थ ज्या यंत्राला शिकविलेले नाहीत, ते शेतकऱ्याचे बोलणे अक्षरशः बरोबर टिपूनही सारांश चुकीचा लिहू शकेल. आणि तो सुबक, शुद्ध भाषेत लिहिलेला असल्यामुळे चूक सहसा कोणाच्या नजरेस येणार नाही.

या बाबतीत बडोद्याचेच उदाहरण पुन्हा पाहण्यासारखे आहे. निरनिराळ्या अधिकाऱ्यांनी एकाच गोष्टीला निरनिराळे शब्द वापरले, तर प्रजेला निर्णय कळत नाही, हे जाणून संस्थानाने ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा कोश सिद्ध केला. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कोशात कायदा व कारभार यांतील इंग्रजी संज्ञांना मराठी, गुजराती, हिंदी, संस्कृत, बंगाली, फारसी व उर्दू भाषांतील प्रतिशब्द एकत्र दिले आहेत. भारतीय भाषांसाठी केंद्र शासनाने हाती घेतलेल्या ‘भाषिणी’ उपक्रमाचा प्रारंभ जुलै २०२२ मध्ये गुजरातेतच, गांधीनगर येथे झाला. यंत्राचे भाषाज्ञान वाढेल, यात शंका नाही. परंतु तालुक्याच्या दप्तरातील शब्द त्याला पुरविण्याचे काम तालुक्यातल्या जाणत्या माणसांनीच केले पाहिजे. शिक्षक व निवृत्त तलाठी यांच्यासारखे जाणकार त्यासाठी दुसरीकडे शोधावयास नकोत.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. गाऱ्हाणे घेऊन आलेली विधवा आपल्या घरातील वाटणीची हकिगत सांगते, ती समोरच्या अधिकाऱ्याला. त्याच्या चष्म्याला नव्हे. काही चष्म्यांवर चित्रण चालू असताना बारीक दिवा लागतो, पण त्या दिव्याचा अर्थ तिला कोण सांगणार? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात संमती हे मुख्य तत्त्व असून, संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील २२ पैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ठेवली आहे. मराठी व गुजराती दोन्ही त्यांत आहेत. दिलेली संमती जितक्या सहजतेने दिली, तितक्याच सहजतेने परत घेता यावी, असेही त्यात म्हटले आहे. या कायद्यात शासनाला काही सवलती आहेत हे खरे. तथापि त्यांचा आधार घेऊन कचेरीत मुकाट्याने कान लावून बसणे लोकांच्या विश्वासाला धरून होणार नाही.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी. ह्युमेन या अमेरिकन कंपनीचा छातीवर लावावयाचा ‘एआय पिन’ २०२४ मध्ये ६९९ डॉलरला विक्रीस आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीची मालमत्ता एचपीने घेतली, त्याच महिन्याच्या २८ तारखेला सेवा बंद झाली, आणि ग्राहकांचे बिल्ले जवळजवळ निरुपयोगी झाले. ज्या नोंदी केवळ अशा यंत्राच्या दूरच्या भांडारात असतील, त्यांची प्रत कचेरीच्या दप्तरात रोजच्या रोज यावयास हवी.

ग्रामसभेत असे यंत्र वापरावयाचे ठरले, तर सभेच्या आरंभीच ते सर्वांना दाखवावे, ते काय टिपते हे मराठीत सांगावे, आणि कोणी हरकत घेतल्यास त्याचे बोलणे होईपर्यंत ते बंद ठेवावे. यंत्राने काढलेल्या टिपणाला मसुदा समजावे. मसुदा दुरुस्त करण्यास लागलेला वेळही वहीत मांडावा, म्हणजे काम खरोखर हलके झाले की नुसते एका हातातून दुसऱ्या हातात गेले, हे दोन-तीन सभांत कळून येईल. ठराव मात्र सभेतच मोठ्याने वाचून दाखवावेत. इतिवृत्तावर स्वाक्षरी होईल ती त्यानंतर.