वळवाच्या पावसाआधी
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)

आपल्याकडे आषाढापेक्षा वैशाखातच वादळं जास्त. दुपारभर ऊन तापतं, चारला आभाळ भरून येतं, वारं सुटतं, फांदी तारेवर पडते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर लातूरकडं गारांनी उभी पिकं झोपली.

टॉर्च, मेणबत्ती सगळ्यांकडं असते. हाल होतात ते पाण्याचे. मोटार बंद, लिफ्टही बंद. म्हणून आभाळ दिसताच वरची टाकी भरून घ्यावी. इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी पाडव्यालाच बघा. कडकडाटाआधी टीव्ही-फ्रीजचे प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेचा इशारा देतं. नातवंडांकडून मोबाईलमध्ये टाकून घ्या. तार तुटलेली दिसली तर लांबच राहा, 1912 ला कळवा.

आता मुख्य गोष्ट. वर कोण एकटं राहतं, कुणाला ऑक्सिजनचं मशीन लागतं, कुणाचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं, याची यादी सेक्रेटरी आणि वॉचमन, दोघांकडं हवी. बँकेत तिजोरी कधी एकट्याच्या भरवशावर नसायची! मुलं पुण्याला, अमेरिकेला. अंधारात जिना चढून कोण येणार?

वही मी आणलीय. पहिलं नाव आमच्या हिचं, इन्सुलिनसाठी. जेवायला बसण्याआधी आपापलं लिहा.