नीरा ‘नाही’ म्हणाली



आपल्या कासारवाडी स्टेशनावरून लोकल धरून शिवाजीनगरला उतरलं, की लॉ कॉलेज रस्ता फार लांब नाही. तिथं आज सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे. पूर्वी तीच प्रभात कंपनी. १९३७ साली तिथं व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ काढला. मराठी बोलपट सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती.

गोष्ट ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीतली. नीरा पोरकी. मामा फसवून तिचं लग्न म्हाताऱ्या बिजवराशी लावून देतो. काकासाहेब वकील, घरात मुलं नीराच्या बरोबरीची. नीरा घर सोडून पळत नाही, विहीरही जवळ करत नाही. त्याच घरात राहून स्पष्ट सांगते, हा संसार मला मान्य नाही. शांता आपटेंनी ती अशी उभी केली, की काकासाहेब झालेले केशवराव दातेही तिच्यापुढं नजर चुकवतात.

या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, एवढंच. त्या शांततेत नीराचं बोलणं जास्तच टोचतं.

तेव्हा शारदा कायदा होता. मुलगी चौदा वर्षांची हवी, एवढं तो सांगे. नवरा किती म्हातारा असावा आणि मुलीच्या मनात काय आहे, हे कोण विचारणार?

शेवट मात्र मला पटत नाही. काकासाहेबांना चूक उमगते, ते जीव देतात आणि मग नीरा मोकळी होते. बाईच्या सुटकेसाठी कुणी मरायला कशाला हवं? लग्नाआधी तिला विचारलं असतं, तर दोघंही सुखानं जगली असती.

आज कायद्यानं मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण लागतात. पण पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली पोर गप्प राहिली, की आपण म्हणतो, “लाजली, म्हणजे पसंत आहे.” बायांनो, गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. पाहुणे गेल्यावर तिला एकटीला जवळ घेऊन विचारा. ‘नाही’ म्हणाली, तर कारण ऐका, रागावू नका. आणि कुठं अल्पवयीन मुलीचं लग्न ठरत असेल, तर १०९८ वर फोन करा.

नीराचं कुणी आधी ऐकलं नाही. आपल्या लेकींचं आपण ऐकू या.