खण-नारळ आणि पगारपत्रक

(मंद्रूप येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



मंद्रूपच्या परिसरातील एखादी सून दिवस भरण्याआधीच बाळंत होते. बाळ जेमतेम दीड किलोचे. त्याला सुमारे पंचवीस किलोमीटरवरच्या सोलापूरला, छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे लोकांच्या तोंडी आजही रूढ असलेल्या ‘सिव्हिल’मध्ये हलवावे लागते. पुढचे वीस-पंचवीस दिवस त्या कुटुंबाचे सारे जग नवजात कक्षाच्या बंद दारापाशी येऊन थांबते. आत काय चालले आहे ते दिसत नाही; दिसते ती दार उघडून बाहेर येणारी परिचारिका. आज वजन किती वाढले हे ती मराठीत, वेळ पडली तर मोडक्यातोडक्या कानडीत सांगते. महिन्याभराने तेच कुटुंब पेढ्यांचा पुडा, खण आणि नारळ घेऊन परत येते. बाळाची आजी तिला ‘अक्का’ म्हणते आणि तिची ओटी भरते. नाव बहुधा ठाऊक नसतेच.

या कृतज्ञतेत खोटे काही नाही. मात्र ती नेमकी कशाबद्दल आहे, हे नीट समजून घेतले पाहिजे. ‘बाईचा जीव मायाळू, म्हणून बाळ जगले’ असे म्हणणे हे त्या बाईचे कौतुक नव्हे. तिच्या विद्येचा तो अवमान आहे. कमी वजनाच्या बाळाला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. ते मध्येच श्वास घ्यायचे विसरते. तेव्हा तळपायावर बोट घासून त्याला जागे करावे लागते, आणि ते क्षणार्धात करावे लागते. त्याला ओढून पिता येत नाही, म्हणून आईचे दूध वाटीत पिळून घेऊन पळीने अथवा बोंडल्याने थेंबाथेंबाने पाजायचे. शिरेतून जाणाऱ्या औषधाचे मोजमाप थेंबाने चुकले तरी घात. कातडीवर पिवळसर झाक केव्हा चढू लागली हे ओळखायचे, आणि प्रत्येक बाळाला हात लावण्यापूर्वी हात धुवायचे. रात्रपाळीतही, शंभराव्या वेळीही. ही माया खरीच, पण शिकून कमावलेली आणि डोळ्यांत तेल घालून राबवलेली.

कृतज्ञतेचा धोका येथेच आहे. गावोगावी नाळ कापण्याचे काम पिढ्यान्पिढ्या सुईण करीत आली. अनेक ठिकाणी ती दलित वस्तीतील असे. तिला मिळे ते शेर-दोन शेर जोंधळे, एखादे जुने लुगडे. मुलगा झाला तर हात जरा सैल. घरची माणसे तिचे उपकार मानीत, आणि बारशाच्या दिवशी तिला उंबऱ्याबाहेर उभी करीत. उपकार मानणे आणि हक्क नाकारणे एकाच घरात सुखाने नांदत होते. पुढे रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने (१९०९) विधवांना आणि गरजू स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवले, तेव्हा याच समाजाने नाके मुरडली. आजारपणात मात्र त्याच स्त्रियांचा आधार घेतला.

सरकारने या जुन्या रीतीला नवा शब्द दिला आहे : ‘मानधन’. शब्द मोठा चतुर आहे. मान आधी, धन मागाहून. ‘वेतन’ म्हटले की कर्मचारी आला, आणि कर्मचारी आला की रजा, भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन सारेच आले.

या शब्दाची किंमत गडचिरोलीच्या उदाहरणावरून कळते. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील ३९ गावांत, गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळाची शुश्रूषा शिकवली. १९९३ ते १९९५ या काळात त्या गावांत हजारी ६२ असलेला नवजात-मृत्युदर १९९८ पर्यंत २५ च्या आसपास उतरला. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून हे जगापुढे आले. २०११ पासून हे घरभेटींचे काम देशभरच्या ‘आशा’ कार्यकर्तींकडे आले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी बेचाळीस दिवसांत सहा भेटी, आणि त्या सहाही भेटींचा मिळून तेव्हा ठरलेला मोबदला २५० रुपये. भेटीला बेचाळीस रुपयेही नाहीत! महाराष्ट्रात पुढे आशांचे मासिक मानधन वाढले, तेही संप केल्यावर.

रुग्णालयांतील स्थिती फार निराळी नाही. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने नवजात कक्ष उभारले, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण तेथील कितीतरी परिचारिका कंत्राटी नेमल्या. नियम सांगतो की पाळीत तीन-चार बाळांमागे एक परिचारिका असावी. म्हणजे बारा खाटांच्या कक्षाला तीन पाळ्या, सुट्ट्या आणि रजा धरून बारा-पंधरा जणी हव्यात. हा हिशेब प्रत्यक्षात कोठे जुळतो, हे कोणत्याही परिचारिकेला विचारावे.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला आग लागली. दहा बाळे गेली. सात वाचवता आली. त्या दहा घरांच्या दुःखापुढे कोणताही युक्तिवाद थिटा आहे, आणि कसूर झाली असेल तर जाब विचारलाच पाहिजे. पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा नोंदला गेला. पण विजेची यंत्रणा, अग्निसुरक्षा आणि मनुष्यबळ या गोष्टी परिचारिकेच्या हातात नसतात, हेही त्याच दमात म्हटले गेले पाहिजे. बाळ वाचले की देवी, बाळ गेले की आरोपी. माणूस म्हणून आणि कामगार म्हणून तिची गणना मधल्या कोणत्या दिवशी व्हायची?

काही परिचारिका वेणा देणाऱ्या बाईवर वसकन ओरडतात, कोठे चिरीमिरीही मागितली जाते, ही तक्रार कार्यकर्त्यांच्या कानी येते. ती दडपू नये. गरीब बाईचा अपमान हा अपमानच, करणारी कितीही थकलेली असो. मात्र तक्रार नोंदवणाऱ्याने त्या रात्री त्या कक्षात किती खाटा होत्या आणि किती परिचारिका होत्या, हेही शेजारी नोंदवावे.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने परिचारिकांच्या कामाच्या अटींविषयी १९७७ साली करार केला. भारताने तो अद्याप मान्य केलेला नाही. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा ‘रुग्णांचे काय?’ असा प्रश्न सर्वत्र विचारला गेला. प्रश्न रास्त होता. परंतु रिकाम्या पदांमुळे वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस रुग्णांचे काय होते, हे विचारण्याची तसदी किती जणांनी घेतली?

पेढे घेऊन निघालेल्या कुटुंबाला कार्यकर्त्याने उपदेश करू नये. त्याने त्यांच्याबरोबर जावे. ओटी भरून झाल्यावर मंजूर पदे किती, भरलेली किती आणि त्यांतली कंत्राटी किती, एवढे तीन आकडे मागावेत. मंद्रूपच्या ग्रामीण रुग्णालयात ते मागावेत, सोलापूरच्या सिव्हिलमध्येही मागावेत. तोंडी मिळाले नाहीत तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. हाती आले की गावोगावच्या ग्रामसभांत ते वाचून दाखवावेत, आणि पदे भरण्याच्या मागणीच्या अर्जावर पहिली सही त्या बाळाच्या आजीची घ्यावी. सही येत नसेल तर अंगठा चालेल.