पाळकाच्या भाकरीचा प्रश्न



ज्या राजूर गावचा मी रहिवासी, ते गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक म्हणून महाराष्ट्रास परिचित आहे. अंगारकीच्या दिवशी जालन्याच्या आणि भोकरदनच्या रस्त्यांवर भाविकांची रीघ लागते. अशा गावात वाढलेल्या मनुष्यास देवाच्या सेवेकऱ्याच्या योगक्षेमाचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. निजामाच्या अमदानीत मराठवाड्यातील देवळाच्या गुरवाला, गावच्या जोशाला, मशिदीच्या मुलाण्याला आणि परगण्याच्या काजीला कोठे खिदमतीच्या अटीवर इनाम जमीन असे, कोठे खळ्यावरचे बलुते मिळे, आणि त्याची नोंद दफ्तरात राहत असे. या व्यवस्थेने कित्येक पिढ्या पोसल्या, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु जो सनद देतो तो ती जप्तही करू शकतो, ही जाणीव सेवेकऱ्याच्या मनातून कधी पुसली जात नसे.

बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाने या प्रश्नास दिलेले उत्तर निराळे आहे. थॉमस हेल्विस याने १६१२ च्या सुमारास लंडनमध्ये या पंथाची इंग्लंडातील पहिली मंडळी, म्हणजे उपासकांचा संघ, स्थापिली आणि मनुष्याच्या अंतःकरणावर राजाचा अंमल नाही, मग तो मनुष्य पाखंडी असो, यहुदी असो वा तुर्क असो, असे निर्भयपणे लिहिले. त्याबद्दल त्याला तुरुंग भोगावा लागला व तुरुंगातच त्याचा अंत झाला. ज्या मंडळीला सरकारचा हुकूम नको, तिला सरकारचा तनखाही घेता येत नाही. म्हणून प्रत्येक गावची मंडळी आपला पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, आपण निवडते आणि त्याच्या भाकरीचा भार आपणच उचलते.

हा भार कोणत्या वृत्तीने उचलला गेला, याचे उदाहरण आपल्या मराठी भाषेच्या इतिहासातच आहे. इंग्लंडातील केटरिंग या गावी २ ऑक्टोबर १७९२ रोजी काही गरीब बॅप्टिस्ट पाळकांनी एकत्र येऊन परदेशी धर्मसेवेसाठी वर्गणीचे आकडे घातले; ते वचनांचे कागद अँड्र्यू फुलर यांच्या तपकिरीच्या डबीत गोळा झाले आणि एकूण रक्कम भरली तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. एवढ्या भांडवलाच्या भरवशावर विल्यम केरी हे चर्मकाराचा धंदा केलेले पाळक पुढच्याच वर्षी बंगालला आले, नीळ कारखान्यात नोकरी करून पोट भरू लागले, आणि १८०० साली डेन्मार्कच्या अमलाखालील श्रीरामपुरास जाऊन मार्शमन व वॉर्ड या सहकारी मिशनऱ्यांसह राहू लागले.

कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरींना बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकविण्याचे काम मिळाले. महाराष्ट्राची भूमी ज्यांनी पाहिली नव्हती त्या केरींनी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मोडी लिपीत छापलेला मराठी कोश सिद्ध केला. पुढे श्रीरामपूरच्याच छापखान्यातून सिंहासनबत्तिशीही मराठीत निघाली. केरींचे वेतन आरंभी दरमहा पाचशे रुपये होते, नंतर ते हजारावर गेले. त्या काळी ही रक्कम एखाद्या जहागिरदारास शोभावी अशी होती. परंतु मार्शमन दांपत्याच्या शाळांचे उत्पन्न आणि वॉर्ड यांच्या छापखान्याची मिळकत ज्या सामाईक थैलीत जात असे, त्याच थैलीत केरींचा पगारही पडे, आणि निर्वाहापुरते काढून उरलेले सारे शाळा, ग्रंथ व धर्मकार्य यांवर खर्ची पडे. म्हणजे मराठीच्या अध्यापनाचा मोबदला असंख्य मुलांच्या पाटीपेन्सिलीला लागला. मराठी माणसाने हे ऋण आजवर पुरेसे बोलून दाखविलेले नाही, असे मला मनापासून वाटते. १८१२ साली तो छापखाना आगीत जळाला, तेव्हा ब्रिटनमधील मंडळ्यांनी काही आठवड्यांत सुमारे दहा हजार पौंड उभे केले. तेरा पौंडांनी आरंभ करणाऱ्या लोकांना वीस वर्षांत देण्याची सवय लागली होती.

आमच्या जालन्याकडे जी मंडळी उभी राहिली ती बॅप्टिस्ट नव्हे, स्कॉटिश प्रेसबिटेरियन परंपरेची. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी निजाम सरकारकडून जमीन मिळवून जालन्यानजीक बेथेल हे गाव वसविले, आणि वेशीबाहेर ठेवलेल्या मांग-महार कुटुंबांना तेथे हक्काचे घर दिले. सरकारी जमिनीवर उभ्या राहिलेल्या या कार्याचा हेल्विसच्या तत्त्वाशी मेळ बसत नाही. तरीही त्या घरांचे मोल मी कमी लेखणार नाही. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताच्या मंडळीची स्थापना झाली, तीत प्रेसबिटेरियन परंपरा आणि बॅप्टिस्टांच्या काही शाखा एकत्र आल्या, तेव्हापासून पाळकाच्या पोषणाचा प्रश्नही दोघांचा सामाईक झाला.

मंडळ्यांना विलायती मिशनांकडून येणारा पैसा आटल्यावर हा भार खेड्यांतील मोलमजुरी करणाऱ्या माणसांवर आला. तो ते कसा वाहतात, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने मराठी मंडळीच्या कापणीच्या सणाला जावे. वेदीपुढे ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, मोसंब्यांची टोपली, पाय बांधलेली कोंबडी, एखादा हातभर दुधी असे अर्पण मांडलेले असते. उपासना संपली की बाहेर लिलाव सुरू होतो. बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणारा दुधी शंभराला जातो, घेणारा तो पुन्हा मंडळीलाच देतो, आणि तोच दुधी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बोलीवर चढतो. मिझोरामातील बॅप्टिस्ट व इतर मंडळ्यांत गृहिणी स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढते. त्या तांदळाच्या विक्रीतून तेथील मंडळ्यांचे फार मोठे काम चालते.

पाळकाचे काम रविवारच्या उपदेशाने संपत नाही. रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन जालन्याच्या दवाखान्यात बसणे, शाळा सोडू पाहणाऱ्या मुलाच्या बापाची समजूत काढणे, तहसील कचेरीत विधवेचा अर्ज लिहून देणे, हे सारे त्याच्याकडे येते, आणि अर्जदार कोणत्या धर्माचा हे तो विचारत नाही. असा मनुष्य आयुष्यभर मंडळीने दिलेल्या घरात राहतो. निवृत्त होताच ते घर पुढच्या पाळकासाठी रिकामे करून द्यावे लागते, आणि त्या वयात स्वतःची एक खोलीही त्याच्या नावावर नसते, असे अनेक ठिकाणी घडते. हे मला अत्यंत असह्य वाटते. सुगीनंतर ज्या मंडळ्यांचे पंच पुढील वर्षाचा अंदाज मांडण्यास बसतील, त्यांनी पाळकाच्या वेतनाच्या रकान्याखाली त्याच्या वार्धक्यातील निवाऱ्यासाठी स्वतंत्र रकाना आखावा, कापणीच्या लिलावाचा काही हिस्सा दरसाल त्यात जमा धरावा, आणि ती रक्कम दुसऱ्या कोणत्याही कामाकडे वळविली जाऊ नये असा ठराव सर्व सभासदांपुढे वाचून मंजूर करून घ्यावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.