रक्ताच्या थेंबातील वंशावळ
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



त्र्यंबकेश्वरास गेलेल्या आपल्यापैकी पुष्कळांनी तेथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या असतील. गाव आणि आडनाव सांगताच उपाध्याय जुनी वही उघडतात आणि आपले आजे-पणजे केव्हा येऊन गेले ते वाचून दाखवितात. त्या वेळी मन भरून येते. आज आम्ही आपणांस अशाच एका वहीकडे नेणार आहोत. ती आपल्यापैकी प्रत्येकाच्या अंगी आहे, उपाध्यायांच्या वहीहून कितीतरी जुनी आहे, आणि तिच्यातील एका अक्षराचा आपल्या मुलाबाळांच्या सुखदुःखाशी फार निकटचा संबंध आहे.

बोटास सुई टोचून रक्ताचा एक थेंब काढावा. त्यातील एका घन मिलिमीटरात, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढ्या जागेत, सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. प्रत्येक पेशी मधोमध दबलेल्या चकतीसारखी. अशा सव्वाशेहून अधिक चकत्या ओळीने मांडाव्या तेव्हा एक मिलिमीटर भरतो. एका पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. जुन्या पेशी जातात आणि अस्थिमज्जेत नव्या जन्मास येतात. त्याही दर सेकंदाला सुमारे २० लाख! आम्ही एवढे बोलेपर्यंत आपल्यापैकी प्रत्येकाच्या शरीरात कोट्यवधी नव्या पेशी सिद्ध झाल्या, आणि कोणासही त्याची वार्ता नाही.

आता त्या एका पेशीच्या आत शिरू. तेथे हिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचे सुमारे २७ कोटी रेणू दाटीवाटीने भरलेले असतात. फुप्फुसांत प्राणवायू उचलावा आणि शरीरभर पोचवावा, हे त्यांचे काम. हा रेणू चार साखळ्यांचा असतो. अमायनो आम्लांचे मणी एकापुढे एक ओवून या साखळ्या बनतात. दोन साखळ्यांत प्रत्येकी १४१ मणी, दोहोंत प्रत्येकी १४६. केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७ साली या रेणूची घडण शोधण्यास आरंभ केला, आणि ती स्पष्ट दिसू लागण्यास १९५९ साल उजाडले. एका रेणूसाठी बावीस वर्षे! १९६२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

मणी कोणत्या क्रमाने ओवावेत, हे कोण सांगते? येथेच आपली वही येते. तिचे नाव डीएनए. तिच्यात अक्षरे चारच: ए, टी, जी आणि सी. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि बहुतेक शब्दांतून एकेका मण्याचे नाव निघते. अशी सुमारे ३०० कोटी अक्षरांची एक प्रत आईकडून आणि तेवढीच दुसरी वडिलांकडून आपणांस मिळते. दोन्ही प्रती पेशीच्या केंद्रकात गुंडाळलेल्या असतात. उलगडून टोकास टोक जोडले तर लांबी सुमारे दोन मीटर भरेल. या लिपीचा उलगडा करणाऱ्यांत हरगोविंद खोराना हे एक अग्रणी. पंजाबातील जेमतेम शंभर वस्तीच्या खेड्यात, पटवाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्या खेड्यात लिहितावाचता येणारे जवळजवळ तेवढे एकच कुटुंब होते. त्याच घरातील मुलास १९६८ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आपल्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

एवढ्या मोठ्या वहीत एखादे अक्षर बदलले तर काय बिघडेल, असे कोणीही म्हणेल. म्हणूनच पुढील हकीकत ऐकण्यासारखी आहे.

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या वैद्यांनी एका तरुण रोग्याच्या रक्ताचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातील काही तांबड्या पेशी गोल नव्हत्या. विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. १९४९ साली लिनस पॉलिंग आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे १९५६ साली व्हर्नन इंग्रॅम यांनी तो दोष नेमका कोठे आहे ते हुडकून काढले. १४६ मण्यांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवे, तेथे व्हॅलिन आले होते. वहीत पाहू गेल्यास जी-ए-जी या शब्दाच्या जागी जी-टी-जी लिहिलेले असते. तीनशे कोटींतील एक अक्षर! तेवढ्याने प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांस चिकटून लांब दोऱ्या बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि लेकरू हाडे फुटल्यासारख्या वेदनांनी तळमळते. हाच सिकलसेल आजार. आपल्या विदर्भास तो अपरिचित नाही.

मग निसर्गाने हे अक्षर राहू तरी का दिले? १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतील निरीक्षणांवरून याचे उत्तर दिले. दोन प्रतींपैकी एकीतच हे अक्षर असेल, तर माणसास सामान्यतः त्रास होत नाही; उलट जीवघेण्या हिवतापापासून त्याचे पुष्कळ रक्षण होते. तेव्हा हे अक्षर पूर्वजांचे पाप नव्हे, की कोणाचा शापही नव्हे. ज्या प्रदेशांत हिवतापाने घरेच्या घरे ओस पडली, तेथे याच अक्षराने अनेकांचे वंश तगविले. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य सागराच्या काठी आणि भारतात ते आढळते. त्यास जात ठाऊक नाही, धर्म ठाऊक नाही.

परंतु आपणांस जात ठाऊक आहे, आणि आपण सोयरीक जातीतच जुळवितो. लहान ज्ञातीत पिढ्यान्‌पिढ्या तीच घरे एकमेकांशी जोडली जातात. त्यामुळे एकाच पूर्वजाकडून आलेले अक्षर वधू आणि वर या दोघांपाशीही असण्याचा संभव वाढतो. दोघेही असे वाहक असले, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी अपत्यास आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याकडे थॅलसेमियासारखा हिमोग्लोबिनचा दोष नसेल, तर अपत्य वाहक होऊ शकेल, आजारी होणार नाही. म्हणजे जाणून घ्यावयाचे ते इतकेच.

आम्ही स्वतः असे वाहक आहोत. साठी उलटली, अद्याप कसलाही त्रास नाही. तपासणीचा कागद हाती आला त्या दिवशी घरात पहिला विचार निघाला तो हा, की मुलींच्या सोयरिकी होईतो वाच्यता करू नये. चार दिवस आम्हीही गप्प राहिलो. पुढे त्या मौनाची आम्हांसच लाज वाटली. या सभेत कोणी तरी प्रथम बोलावयाचे, तर ते आम्हीच का नये? आज मुलींच्या संमतीने बोलत आहोत.

आपण छत्तीस गुण पाहतो, गोत्र पाहतो, नाडी पाहतो. ते ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे पाहावे. त्याबरोबर हिमोग्लोबिनची एक तपासणीही करावी, एवढीच विनंती. तिच्यातून थॅलसेमियाच्या वाहकांचाही सुगावा लागतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. मंडळानेही वधूवर मेळाव्यापूर्वी तपासणी-शिबिर भरवावे. निष्कर्ष मात्र ज्याचा त्याच्याच हाती द्यावा. दोघे वाहक निघाल्यास पुढे काय करावे, हे त्या दोघांनी वैद्यांचा सल्ला घेऊन ठरवावे. गर्भावस्थेतही परीक्षा करता येते. आणि मूल आजारी निघाले म्हणून सुनेस दोष देण्याची रीत तर आजच सोडावी. हिमोग्लोबिनच्या दोषाची अक्षरे दोन्ही घरांतून आल्यावाचून आजार होतच नाही.

ज्यांच्या घरी आजारी मूल आहे, त्यांनीही धीर सोडू नये. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने वेदनांचे झटके पुष्कळ कमी करता येतात. २०२३ च्या अखेरीस तर रोग्याच्याच मज्जापेशींतील लेखात फेरफार करणाऱ्या उपचारास इंग्लंड-अमेरिकेत मान्यता मिळाली. तो आज अतिशय महाग आहे. तरी माणसाचा हात त्या वहीपर्यंत पोचला, हे काय लहान आश्चर्य?

पूर्वजांनी ही वही आपल्या हाती दिली. ती पुसून टाकणे आपल्या हाती नाही. परंतु वाचणे आहे. लेकरांच्या कल्याणासाठी ती निर्भयपणे वाचावी, अशी हात जोडून प्रार्थना आहे.