दाखला पेटीत ठेवू नका

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या माझ्या बहिणींनो. लावणीच्या गडबडीतही रेडिओ लावलात, बरं वाटलं. आज मी माझ्या घरातली गोष्ट सांगणार आहे आणि तिच्याबरोबर थोडी कामाची माहिती. तुमच्या घरात किंवा वाडीत आठवी ते बारावीतलं एखादं दिव्यांग मूल असेल, तर वही-पेन जवळ घ्या.

माझ्या मुलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. डोकं लख्ख, पण उजवा हात आखडलेला आणि चाल अडखळती. ती सहा वर्षांची असताना एका शिबिरात तिचा अपंगत्वाचा दाखला मिळाला होता. सासूबाई म्हणाल्या, "मुलीची जात आहे, उद्या लग्न जमवायचंय. हा कागद कुणाला दाखवू नकोस." मलाही ते पटलं. दाखला पेटीत गेला. २०२१ च्या जुलैत पुराचं पाणी घरात शिरलं, तेव्हा बाकीच्या कागदांबरोबर त्याचाही लगदा झाला.

२०२३ साली मुलगी दहावीला बसली. प्रत्येक पेपरात शेवटचे दोन-तीन प्रश्न लिहायचे राहिले. घरी आल्यावर त्यांची उत्तरं ती मला घडाघडा सांगायची. पास झाली, पण तिला सायन्सला जायचं होतं, तेवढे गुण पडले नाहीत. नंतर एका शिक्षिकेनं मला विचारलं, "ताई, जादा वेळ का नाही मागितलात? लेखनिकही मिळाला असता." मी खाली मान घालून उभी राहिले. मागितलाच नव्हता, तर मिळणार कुठून?

बायांनो, आपण महाडच्या मातीतल्या. चवदार तळं सगळ्यांना खुलं करायचा ठराव इथल्या नगरपालिकेनं १९२४ सालीच केला होता. पण ठरावानं कुणाच्या ओंजळीत पाणी आलं नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसं तळ्यापर्यंत चालत गेली. आपल्या मुलांचा कायदाही असाच कागदावर आहे. आपण चालत गेल्याशिवाय तो हाती लागत नाही.

हा कायदा २०१६ चा, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम. त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. न दिसणारंही त्यात येतं, जसं की वाचन-लेखन न जमणं, म्हणजे अध्ययन अक्षमता. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयात ५ वर्षांची सूट मिळते.

आता काय करायचं ते क्रमानं सांगते.

पहिलं काम, यूडीआयडी कार्ड. 'स्वावलंबन' या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा. आधार, फोटो आणि उपचाराचे जुने कागद लागतात. मग तपासणीला जायचं. आम्ही अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात गेलो. मला दोन खेपा पडल्या, कारण पहिल्या खेपेला डॉक्टरांचे जुने कागद मी घरीच विसरले होते. तुम्ही विसरू नका. अध्ययन अक्षमतेची तपासणी सगळीकडे होत नाही, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. दाखल्याच्या चार झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटो ठेवा. आपल्याकडे पुराचा भरवसा नाही.

दुसरं, परीक्षा. जादा वेळ तासाला २० मिनिटांच्या हिशेबानं मिळतो. हात चालत नसेल किंवा दिसत नसेल, तर लेखनिक मिळतो. पण हा अर्ज शाळेमार्फत बोर्डाच्या वाशीच्या मुंबई विभागीय मंडळाकडे जातो. फेब्रुवारीत धावून उपयोग नाही. दहावीचं वर्ष सुरू झालं, की त्याच महिन्यात मुख्याध्यापकांना अर्ज द्या. दहावीला मिळालं म्हणजे बारावीला आपोआप मिळेल असं धरून चालू नका, तिथे पुन्हा अर्ज करा. पुढे पदवीला परीक्षा विद्यापीठाची, तेव्हा कॉलेजमार्फत मागा.

लेखनिक मिळाला म्हणजे काम झालं असंही नाही. बोलून उत्तर लिहवून घेणं हे वेगळंच काम आहे. माझी मुलगी बारावीला बसली, तेव्हा तिची लेखनिक होती अकरावीतली, आमच्याच वाडीतली मुलगी. दिवाळीपासून दोघी रोज संध्याकाळी ओटीवर बसायच्या. कुठे थांबायचं, परिच्छेद कुठे पाडायचा, आकृती कशी सांगायची, सगळा सराव केला. त्या सरावाचं फळ मिळालं. एकही प्रश्न सुटला नाही.

तिसरं, प्रवेश. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, आणि ते नेमके आपल्या पेरणी-लावणीच्या दिवसांत येतात. अर्जात दिव्यांग असल्याचा रकाना असतो. सायबर कॅफेवाल्या दादांना घाई असते, पण तो रकाना भरलाय आणि दाखला जोडलाय हे स्वतः बघा, मगच अर्ज पाठवू द्या.

कॉलेजांची नावं भरण्याआधी मुलाला घेऊन तिथे एकदा जाऊन या. एसटीच्या थांब्यापासून किती चालावं लागतं? पायऱ्या किती? तिला वापरता येईल असं शौचालय आहे का? प्रवेश झाला, की प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. वर्ग तळमजल्यावर हवा, पहिल्या बाकावर जागा हवी, परीक्षेची खोलीही खालीच हवी. जे लागतं तेवढंच आणि स्पष्ट लिहा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते. दाद लागली नाही तर अलिबागला जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात विचारा, आणि त्यावर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत.

कुणी म्हणेल, "टक्के चाळीसच्या खाली आहेत, काही मिळणार नाही." तेवढ्यावर परत फिरू नका. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ११ फेब्रुवारी २०२१ ला सांगितलं, की ४० टक्के नाहीत एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही. आणि १५ ऑक्टोबर २०२४ ला, डॉक्टर होऊ पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या खटल्यात, म्हटलं की नुसत्या टक्क्यांवर कुणाला अपात्र ठरवू नका, त्याला काय करता येतं ते तपासा.

माझी मुलगी आता पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. सायन्स हुकलं ते हुकलंच, ती कधी बोलून दाखवत नाही, पण मला ते सलतं. कॉलेजच्या प्रवेशाला निघालो, त्या दिवशी सासूबाईंनीच तिचं कार्ड आठवणीनं पिशवीत घातलं.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की पाच मिनिटं काढा. आपल्या वाडीत आठवीच्या पुढचं असं मूल कोण आहे आणि त्याचा दाखला आहे का, एवढंच विचारा. नसेल तर अलिबागला त्या आईच्या सोबतीला गटातली एक जण जाऊ द्या. एकटीला ती वाट फार लांब वाटते.